मर्जी आणि हक्क : अमेरिकेतील नोकरदाराचे स्थान



दिवसभराचे ऊन सोसून संध्याकाळच्या वाऱ्याला बाहेर पडावे, आणि तेथे कोणी परदेशच्या कायद्याचे पुराण लावून बसावे, हा तसा श्रोत्यांवर अन्यायच आहे. तरीही हा विषय मी जाणूनबुजून निवडला, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले अगदी घरगुती आहे. आज आपल्यासारख्या गावात अशी आळी शोधूनही सापडायची नाही, की जिच्यातला एखादा मुलगा, एखादी मुलगी, भाचा किंवा जावई नोकरीसाठी अमेरिकेत गेलेला नाही. त्यांचा फोन येतो, पगार किती हे आपल्याला कळते, घर केवढे आहे, थंडी किती पडते हेही कळते. परंतु ज्या नोकरीच्या जोरावर हे सारे उभे आहे ती नोकरी स्वतः कशाच्या जोरावर उभी आहे, हे आपण विचारीत नाही. दुसरे कारण जरा व्यापक आहे. स्वातंत्र्याचा उच्चार ज्या राष्ट्राने सर्वांत मोठ्या आवाजात केला, त्या राष्ट्राने मालक आणि नोकर यांच्यामधला प्रश्न कसा सोडवला, हे पाहण्याजोगे आहे.

आरंभ मे महिन्यापासूनच करू. १ मे हा कामगार दिन. आपल्या महाराष्ट्रात तर तो राज्याचाही वाढदिवस. हा दिवस आला कोठून? अमेरिकेतून. १ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी तेथील कामगारांनी काम बंद केले. ४ मे रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात बाँब फुटला, गोळीबार झाला, पुढे फाशीच्या शिक्षाही झाल्या. त्या लढ्याची आठवण म्हणून १८९० सालापासून अनेक देशांतले कामगार १ मे पाळू लागले. योगायोग असा, की त्याच १८९० सालच्या जून महिन्यात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांना यश येऊन मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. परंतु ज्या अमेरिकेत हा दिवस जन्मला, तेथे मात्र १ मे ही कामगारांची सुटी नाही. १८९४ च्या कायद्याने तेथील कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी ठरवण्यात आला. पोर एका घरी जन्मावे आणि बारसे दुसऱ्यांनी करावे, तसा हा प्रकार आहे. अमेरिकेतील नोकरदाराच्या हक्कांची कहाणीही काहीशी अशीच आहे. लढे तेथे मोठे झाले. पण त्या लढ्यांनी मूळ नियम बदलला नाही, त्या नियमाला अपवाद तेवढे जोडले.

तो मूळ नियम कोणता, हे समजण्यासाठी एका दुकानदाराची गोष्ट ऐका. टेनेसी राज्यातील चट्टानूगा गावी पेन नावाचा एक व्यापारी होता. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे बहुतांशी जवळच्या रेल्वे कंपनीचे नोकर. एके दिवशी कंपनीने हुकूम काढला, की आमचा जो नोकर या पेनच्या दुकानी माल घेईल त्याला कामावरून काढण्यात येईल. दुकान बसले. पेन न्यायालयात गेला. १८८४ साली टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो कंपनीच्या बाजूने. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : मालकाने नोकराला चांगल्या कारणासाठी काढावे, काहीही कारण नसता काढावे, किंवा नीतीला न पटणाऱ्या कारणासाठी काढावे; कायद्याच्या दृष्टीने त्यात त्याने अपराध केला असे होत नाही. नोकराने मीठ कोठून घ्यावे हे मालकाने ठरवले तरी चालेल, असाच याचा अर्थ झाला.

असे निकाल त्या काळात राज्याराज्यांतून होत गेले आणि नियम पक्का झाला. इंग्रजीत त्याला ‘ॲट विल’ म्हणतात. आपण ‘मर्जीची नोकरी’ म्हणू. मालकाच्या मनात येईल तेव्हा त्याने काढावे आणि नोकराच्या मनात येईल तेव्हा त्याने सोडावे. मुदतीचा करार नसेल, संघटनेने मिळवलेला करारनामा नसेल किंवा सरकारी नोकरीचे संरक्षण नसेल, तर आजही हाच नियम लागू आहे. पन्नास राज्यांपैकी एकट्या मोंटानाने १९८७ साली कायदा करून, उमेदवारीचा काळ संपल्यावर योग्य कारणावाचून काढता येणार नाही, असे ठरवले. बाकी सर्वत्र मर्जी हाच पाया आहे.

येथे आपला आणि त्यांचा फरक नीट ध्यानात घ्यावा. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या परंपरेत कामगाराला ‘मला काढले ते न्याय्य होते काय’ असे विचारता येते. त्या कायद्याची जागा आता नव्या संहितेने घेतली आहे, तरी हा प्रश्न विचारण्याची सोय राहिली आहे. त्याचा निकाल लागायला किती वर्षे लागतात ही गोष्ट निराळी. पण प्रश्न विचारता येतो. अमेरिकेतील सामान्य नोकरदाराला तो विचारताच येत नाही. त्याला एवढेच विचारता येते, की ‘कायद्याने मना केलेल्या कारणांपैकी एखाद्या कारणासाठी तर मला काढले नाही ना?’ हे दोन प्रश्न वरवर सारखे दिसतात, पण त्यांच्यात जमीनअस्मानाचे अंतर आहे. वरिष्ठाला तुमचे हसणे आवडले नाही म्हणून त्याने तुम्हाला काढले, तर ते अन्यायाचे असेल, बेकायदा नव्हे. तुमचा वर्ण आवडला नाही म्हणून काढले, तर मात्र ते बेकायदा. एवढी एक गोष्ट ज्याला उमगली, त्याला अमेरिकेतील नोकरदाराचे हक्क निम्मे समजले असे म्हणायला हरकत नाही.

कोणी म्हणेल, त्या देशाची राज्यघटना एवढी थोर, भाषणस्वातंत्र्याची तेथे एवढी महती, मग नोकराने मालकाविरुद्ध चार शब्द बोलले तर काय बिघडले? ही समजूत आपल्याकडेच नव्हे, खुद्द अमेरिकेतही पुष्कळांची आहे. परंतु त्या घटनेतील भाषणस्वातंत्र्याची हमी ही सरकारच्या हाताला घातलेली बेडी आहे. खाजगी कंपनीच्या हाताला नाही. चौकात उभा राहून राष्ट्राध्यक्षाला दूषणे देणारा मनुष्य तुरुंगात जाणार नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याची खाजगी नोकरी जाऊ शकते. काही राज्यांनी याबाबतीत थोडे संरक्षण दिले आहे, पण ते राज्यापुरते.

आता अपवादांकडे वळू. हे अपवाद कोणी दयेपोटी दिले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू यॉर्क राज्याने बेकरीतल्या कामगारांसाठी दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली होती. १९०५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण काय, तर मालक आणि कामगार या दोघांचे करार करण्याचे स्वातंत्र्य तिने हिरावून घेतले जाते! दहा तासांहून अधिक वेळ भट्टीपुढे उभे राहण्याचे स्वातंत्र्य त्या बेकरी कामगाराने कधी मागितले होते, हे कोणी विचारले नाही.

त्यानंतर सहा वर्षांनी, २५ मार्च १९११ रोजी, न्यू यॉर्कमधील ट्रँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. शनिवारची संध्याकाळ, काम सुटण्याची वेळ. कारखाना आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यांवर. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते. बंबाच्या शिड्या सहाव्या मजल्याच्या वर पोचेनात. कित्येक मुलींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. एकूण १४६ जीव गेले. त्यांत बहुतेक इटालियन आणि ज्यू कुटुंबांतल्या, नुकत्याच त्या देशात आलेल्या तरुण मुली होत्या. मालकांवर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. परंतु त्या संध्याकाळी जवळच चहाला आलेली फ्रान्सिस पर्किन्स नावाची एक बाई आरडाओरडा ऐकून धावत आली होती आणि तिने ते दृश्य रस्त्यावरून पाहिले होते. हीच बाई १९३३ साली रूझवेल्ट यांच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाली. अमेरिकेच्या इतिहासातील ती पहिली स्त्री मंत्री. बारा वर्षे ती त्या जागेवर होती, आणि आज अमेरिकेतील नोकरदार ज्या कायद्यांचा आधार घेतो त्यांपैकी काही तिच्याच काळातले आहेत.

त्यांतला पहिला १९३५ चा. त्याने कामगारांना संघटना करण्याचा, एकत्रित वाटाघाटीचा आणि परस्परांच्या हितासाठी एकजुटीने हालचाल करण्याचा हक्क दिला. दुसरा १९३८ चा. त्याने किमान वेतन तासाला २५ सेंट ठरवले, दोन वर्षांत आठवड्याची मर्यादा ४० तासांवर आणली, आणि त्यापुढील प्रत्येक तासाला दीडपट मजुरी बांधून दिली. लहान मुलांना कामाला लावण्यावरही याच कायद्याने निर्बंध घातले. मधल्या १९३७ साली हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या एका बाईच्या किमान वेतनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही आपली जुनी भूमिका सोडली होती.

पण या कायद्यांनाही भोके होती. शेतमजूर आणि घरकाम करणारी माणसे त्यांतून वगळली गेली. दक्षिणेकडील राज्यांत ही कामे प्रामुख्याने कृष्णवर्णीय लोक करीत. तेव्हा हे वगळणे कोणाच्या अंगावर पडले, हे सांगायला नको. किमान वेतनाचा लाभ पुढे त्यांच्यापैकी पुष्कळांना मिळाला. परंतु १९३५ च्या कायद्याचे दार त्यांना आजही बंद आहे. आणि किमान वेतनाचे म्हणाल, तर मध्यवर्ती कायद्याचा आकडा जुलै २००९ मध्ये तासाला सव्वासात डॉलर झाला, तो तेथेच थबकला आहे. अनेक राज्यांनी आपापला दर त्याहून पुष्कळ वर नेला; ज्यांनी नेला नाही, तेथील कामगाराच्या वाट्याला महागाई तेवढी वाढलेली आली. शिवाय आपली मुले तेथे ज्या पगारी, बुद्धिजीवी जागांवर काम करतात, त्यांपैकी बहुतेकांना ४० तासांनंतरच्या दीडपट मजुरीचा हा नियम लागूच पडत नाही. रात्री अकराला संगणकापुढे बसलेला आपला मुलगा जादा पैसे मिळवीत असेल, अशा भ्रमात कोणी राहू नये.

पुढची मोठी पायरी १९६४ ची. नागरी हक्कांच्या चळवळीतून त्या साली जो कायदा झाला, त्याने वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ देश या पाच कारणांवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली. १९६७ साली चाळिशीपुढील माणसांना वयाचे संरक्षण मिळाले. १९९० साली अपंगांसाठी कायदा झाला. १९७० सालच्या कायद्याने कामाची जागा सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. आणि या बहुतेक कायद्यांत एक कलम समान आहे, तेच माझ्या मते सर्वांत मोलाचे : तक्रार केली म्हणून, साक्ष दिली म्हणून, कोणाचा सूड घेता येणार नाही. पुष्कळदा मूळ भेदभाव सिद्ध होत नाही; पण तक्रारीनंतर पंधरा दिवसांतच ‘तुमचे काम समाधानकारक नाही’ अशी चिठ्ठी हाती पडते, आणि त्या चिठ्ठीची तारीखच मालकाविरुद्ध साक्ष देते.

न्यायालयांनीही काही अपवाद निर्माण केले. १९५९ साली कॅलिफोर्नियात एक खटला झाला. एका नोकराला विधिमंडळाच्या समितीपुढे शपथेवर खोटे बोलायला सांगण्यात आले होते. त्याने खरे सांगितले आणि त्याची नोकरी गेली. न्यायालय म्हणाले, मर्जीची नोकरी झाली तरी गुन्हा करायला नकार दिला म्हणून काढता येणार नाही. गंमत अशी, की येथे मालक कोणी कारखानदार नव्हता. ती एक कामगार संघटनाच होती! मालकाच्या खुर्चीत कोणीही बसले तरी खुर्चीचा गुण लागतो, हे यावरून दिसते.

इतके कायदे आहेत म्हटल्यावर चिंता ती कसली, असे वाटेल. पण कायद्याच्या पुस्तकातला हक्क आणि हातात आलेला हक्क यांच्या मध्ये घड्याळ आणि कागद ही दोन दैवते बसलेली असतात. घड्याळाची गोष्ट लिली लेडबेटर या बाईंच्या चरित्रात दिसते. त्या अलाबामा राज्यातील गॅड्सडेन येथे गुडइयर कंपनीच्या टायर कारखान्यात १९७९ सालापासून कामाला होत्या आणि एका विभागाच्या व्यवस्थापक झाल्या होत्या. निवृत्तीच्या सुमारास कोणी निनावी चिठ्ठी त्यांच्या हाती पोचवली. तीत त्यांचा आणि बरोबरीच्या पुरुषांचा पगार लिहिला होता. न्यायालयात पुढे आलेले १९९७ अखेरचे आकडे असे : त्यांना महिना ३,७२७ डॉलर, आणि त्याच हुद्द्यावरच्या सर्वांत कमी पगाराच्या पुरुषाला ४,२८६. ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. पण २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल फिरवला. पगार ठरवण्याचा निर्णय झाल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती, ती केली नाही, म्हणून दावा बाद. आता जी गोष्ट आपल्यापासून लपवली गेली तिची तक्रार १८० दिवसांत करायची कशी? न्यायमूर्ती रूथ गिन्सबर्ग यांनी आपला विरोधी अभिप्राय भर न्यायालयात वाचून दाखवला आणि संसदेला कायदा सुधारण्याचे आवाहन केले. २९ जानेवारी २००९ रोजी तशी सुधारणा झाली. आता भेदभावाचा प्रत्येक नवा पगार ही मुदत नव्याने सुरू करतो. कायद्याला लेडबेटरबाईंचे नाव मिळाले. बाईंना मात्र कंपनीकडून काही मिळाले नाही. दुसऱ्यांच्या मुलींसाठी विहीर खणून त्या बाजूला झाल्या.

या मुदती ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. भेदभावाची तक्रार साधारणपणे १८० दिवसांत करावी लागते, आणि ज्या राज्यात तशाच कायद्याची अंमलबजावणी करणारे राज्याचे खाते आहे तेथे ३०० दिवसांत. एकजुटीच्या हक्कावर घाला आला तर सहा महिने. कामाच्या जागेवरील धोक्याबद्दल तक्रार केल्यामुळे सूड उगवला गेला, तर अवघे ३० दिवस. नोकरी गेल्याच्या धक्क्यातून माणूस सावरेपर्यंतच महिना जातो.

दुसरे दैवत कागद. नोकरीवर रुजू होताना सह्या कराव्या लागणाऱ्या कागदांच्या चळतीत पुष्कळदा एक कलम असते, की तंटा झाल्यास न्यायालयात न जाता लवादापुढे जावे लागेल, आणि तेही एकट्याने. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असे कलम वैध ठरवले. म्हणजे शंभर माणसांचे प्रत्येकी थोडेथोडे वेतन बुडाले, तर शंभरांनी मिळून एक दावा करायचा मार्ग सहीनेच बंद झालेला असतो. लैंगिक छळाच्या तक्रारींपुरते हे बंधन २०२२ च्या कायद्याने उठवले आहे. नोकरी सुटतानाही कागद पुढे येतो : एवढी रक्कम घ्या आणि सर्व दावे सोडल्याची सही करा. वयाच्या भेदभावाचा दावा सोडायचा असेल, तर चाळिशीपुढील माणसाला विचाराला किमान २१ दिवस आणि सहीनंतर मन बदलायला सात दिवस देणे भाग आहे. हे ज्याला ठाऊक नसते तो त्याच टेबलावर, त्याच लेखणीने सही करून मोकळा होतो.

येथवर सांगितलेले हक्क बहुतेक एकट्याने मागायचे. आता ज्याच्यासाठी मी हे सारे रचले तो हक्क सांगतो. ५ जानेवारी १९५९. बाल्टिमोर शहरात कडाक्याची थंडी; त्या दिवशी पारा शून्याखाली १२ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता. अॅल्युमिनियमच्या एका कारखान्यात यंत्रशाळेची भट्टी रात्रीच बिघडलेली. कामगारांची संघटना नाही, पुढारी नाही, वाटाघाट करणारे कोणी नाही. अशा थंडीत काम करणे अशक्य म्हणून सात जण एकदम उठले आणि घरी गेले. परवानगीवाचून जागा सोडायची नाही असा कारखान्याचा नियम होता. सातही जणांना काढण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६२ साली न्यायालयाने निर्णय दिला, की या माणसांनी आपल्या कामाच्या स्थितीबद्दल एकजुटीने हालचाल केली. संघटना नसली, आधी लेखी मागणी केली नसली, तरी १९३५ चा कायदा त्यांच्या पाठीशी आहे. त्यांना कामावर परत घ्यावे आणि बुडालेला पगार द्यावा.

यातले मर्म पाहा. त्यांच्यातला एकटाच मनुष्य केवळ स्वतःसाठी कुरकुरत घरी गेला असता, तर नियम मोडला म्हणून त्याची नोकरी बहुधा गेलीच असती. सात जण गेले, म्हणून कायदा उभा राहिला. दोघांनी मिळून पगाराविषयी बोलणे हासुद्धा याच हक्काचा भाग आहे. पुष्कळ ठिकाणी ‘आपला पगार दुसऱ्याला सांगू नका’ अशी ताकीद दिली जाते. सामान्य खाजगी नोकरांना अशी ताकीद देणेच बेकायदा आहे. मात्र वरिष्ठ अधिकारी या कायद्याबाहेर आहेत, हेही सांगितले पाहिजे. आणि दुर्दैव असे, की जो हक्क सर्वांत सोपा तोच सर्वांत कमी वापरला जातो. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील नोकरदारांपैकी जवळजवळ एकतृतीयांश संघटनांत होते; आज ते प्रमाण शेकडा दहाच्या आसपास उरले आहे.

जे हक्क तेथे नाहीतच, त्यांचीही यादी लहान नाही. खाजगी नोकरीत पगारी रजा दिलीच पाहिजे असा मध्यवर्ती कायदा नाही. बाळंतपणाला किंवा घरच्या दुखण्याला १९९३ च्या कायद्याने वर्षात १२ आठवड्यांची रजा मिळते, पण बिनपगारी. तीसुद्धा पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणी वर्षभर काम केलेल्यांना. आजारपणाचा विमा बहुधा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की विम्याचा सारा हप्ता आपल्या खिशातून भरून तो काही काळ चालू ठेवता येतो. मोठ्या कपातीच्या वेळी शंभर किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाने ६० दिवसांची पूर्वसूचना द्यावी, असा १९८८ चा कायदा आहे. एकट्यादुकट्याला ती मिळत नाही.

आता आपल्या माणसांविषयी. एच-वन-बी परवान्यावर गेलेल्या मुलाच्या बाबतीत मर्जीची तलवार दुधारी होते, कारण नोकरीबरोबर देशात राहण्याचा हक्कही टांगलेला असतो. नोकरी सुटल्यास जास्तीत जास्त ६० दिवसांत दुसरी सोय पाहावी लागते. म्हणून तो बोलत नाही. परंतु तोही अगदीच निराधार नाही, हे त्याला ठाऊक हवे. सरकारकडे लिहून दिलेला पगार मालकाला द्यावाच लागतो. हाताला काम नाही म्हणून घरी बसवले, तरी पगार बुडवता येत नाही. आणि नव्या मालकाने रीतसर अर्ज दाखल केला, की निकालाची वाट न पाहता त्याच्याकडे काम सुरू करता येते. भेदभावाचे आणि सुरक्षेचे कायदे परवाना पाहून लागू होत नाहीत. ते त्यालाही आहेत.

आणि आपण तिकडे केवळ हुशारी पाठवलेली नाही. जातही पाठवली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने नोकरीतील जातिभेदाला मनाई केली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या आहेत. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसाच कायदा संमत केला, पण राज्यपालांनी त्यावर सही केली नाही. जात ही सध्याच्या मनाईत येतेच, असे त्यांचे म्हणणे पडले. ज्या बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात अध्ययन केले, त्यांच्या मृत्यूनंतर सदुसष्ट वर्षांनी अमेरिकेच्या एका नगरसभेला जातीविरुद्ध कायदा करावा लागावा, याची खंत आपल्यालाच वाटली पाहिजे.

मर्जीच्या नोकरीचे समर्थन करणारे काय म्हणतात, तेही न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. ते म्हणतात, काढणे सोपे आहे म्हणून घेणेही सोपे आहे. नोकरालाही उद्या सकाळी राजीनामा देऊन दुसरीकडे जाता येते. एका जागी कुजत पडावे लागत नाही. यात तथ्य आहे. आपल्याकडे कायद्याच्या धाकाने माणसे कायम न करता वर्षानुवर्षे हंगामी आणि कंत्राटी ठेवली जातात, हे कोणाला ठाऊक नाही? परंतु या समर्थनात दोन स्वातंत्र्ये एकाच तागडीत घातली आहेत. नोकर गेला तर मालकाची एक खुर्ची चार दिवस रिकामी राहते. मालकाने काढले तर नोकराचे भाडे, मुलांचा दवाखाना आणि आपल्या मुलांच्या बाबतीत तो देशसुद्धा सुटतो. दोघांच्या हाती सारखीच कात्री दिली; पण एकाच्या हाताखाली कापड आहे आणि दुसऱ्याच्या हाताखाली स्वतःची दोरी.

म्हणून आपल्या घरच्या मुलामुलींशी पुढच्या वेळी बोलाल तेव्हा पगाराबरोबर आणखीही चार गोष्टी विचारा. रुजू होताना कशावर सही केलीस, ती वाचलीस का? कामाच्या कागदांच्या, पत्रव्यवहाराच्या ज्या प्रती रीतसर आपल्याजवळ ठेवता येतात त्या ठेवल्यास का, झालेल्या गोष्टींची तारखेवार नोंद ठेवतोस का? तुझ्या राज्याचा कायदा कोणता, हे पाहिलेस का? आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी तुझे बोलणे आहे का? शेवटचा प्रश्न साधा वाटेल, पण बाल्टिमोरच्या त्या गारठलेल्या यंत्रशाळेत सात जणांना तारले ते त्यांच्या आपापसातल्या बोलण्यानेच.

मालकाची मर्जी ही हवामानासारखी आहे. आज चांगली आहे म्हणून कोणी छपरावाचून राहत नाही. अमेरिकेतील कामगारांनी दीडशे वर्षांत एकेक कौल जमवून हे छप्पर शाकारले आहे. ते अजून पुष्कळ ठिकाणी गळते. परंतु त्यातला प्रत्येक कौल कोणाच्या तरी सोसण्यातून आलेला आहे, आणि तो कोठे आहे हे ठाऊक असणे ही त्याखाली उभे राहण्याची पहिली अट आहे.